बांधाचं पहिलं ढेकूळ

सहाव्या होलवर आमच्या गावचे दोघे जण जाळं टाकून मासे मारत होते. मी गोल्फ क्लबच्या व्हरांड्यात, गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या पँटीत उभा होतो. चारी दिशांना पाणीच पाणी, आणि त्यातून होलची निशाणं तेवढी वर आलेली. एका निशाणाच्या काठीवर खंड्या येऊन बसला होता. जाळंवाल्यांपैकी एकाने भलीमोठी मरळ हातात धरून मला दाखवली आणि ओरडून विचारलं, "बीकॉम, ही मेंबरात धरायची का पाव्हन्यात?"

बीकॉम म्हणजे मी. गावात मला दुसऱ्या नावाने कोणी हाक मारत नसे. आमच्या घरातला मी पहिला ग्रॅज्युएट. मी हे मिरवतो असं कोणी म्हणालं तर म्हणू दे. आई डोक्यावर भाजीची पाटी घेऊन वसईला होळीच्या बाजारात जायची, वडील खाडीकाठची शेती करायचे, आणि त्या घरातून मी पदवीचा गाऊन घालून फोटो काढून आलो होतो. तो मिरवण्यासारखाच होता. गोल्फ क्लबात मला असिस्टंट मॅनेजरची नोकरी लागली तेव्हा वडिलांनी विचारलं होतं, तिथे नक्की काय करतात? मी सांगितलं, काठीने चेंडू मारून भोकात घालतात. ते म्हणाले, आणि मग? मग पुढच्या भोकाकडे जातात.

क्लब तसा लहान, नऊ होलचा. पूर्वी तिथे खाजण होतं, भरतीच्या पाण्याखाली जाणारी चिखलाची जमीन. भर टाकून जमीन उंच केली, चारी बाजूंनी भिंत घातली, आणि मुंबईहून रविवारी गाड्या येऊ लागल्या. क्लबच्या खालच्या अंगाला आमच्या गावाची भातशेती, शेतीच्या पलीकडे बांध, आणि बांधाच्या पलीकडे खाडी. म्हणजे क्लबातलं पाणी खाडीत जायचं तर आमच्या शेतातून जाणार, दुसरी वाट नव्हती. एरवी पावसाळ्यात ते भिंतीखालच्या पाइपांतून झिरपत जायचं आणि बांधातल्या उघाडीतून, म्हणजे ओहोटीला उघडायच्या छोट्या दारातून, खाडीला मिळायचं. त्या वर्षी जुलैत पाऊस असा कोसळला की पाइप गाळाने बुजले आणि क्लबचं तळं झालं. आमच्या शेतातलं पाणी उघाडीतून निघून गेलं. लावणी झालेली होती, ती तगली. क्लबातलं मात्र हलेना.

सेक्रेटरीसाहेब रोज सकाळी छत्री घेऊन व्हरांड्यात येऊन उभे राहायचे. मुंबईतल्या मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, मूळचे देशावरचे, बोलणं स्वच्छ आणि गोड. माझ्याशी पहिल्या दिवसापासून 'अहो-जाहो' करत. आमच्याकडची निर्मळची सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, त्यांना फार आवडायची, मी आठवणीने आणून द्यायचो. त्यांनी मला एकदा आपल्यासमोरच्या खुर्चीत बसवून सांगितलं होतं की इथल्या कामगारांत आणि आपल्यात एक पूल हवा, आणि तो पूल तुम्ही आहात. 'आपल्यात' हा त्यांचा शब्द. मी तो घरी आईला सांगितला होता.

हिरवळ पाण्याखाली कुजते, आणखी काही दिवस असंच राहिलं तर मुळापासून जाईल, हे मैदानाचं काम बघणाऱ्या माणसाने सांगितलं होतं. महिन्याअखेरीला मोठी स्पर्धा होती, पाहुणे ठरलेले होते. साहेबांनी मला विचारलं, काही तोड आहे का? मी सांगितलं, आहे. बुजलेले पाइप मोकळे केले तरी एवढं पाणी छोट्या उघाडीतून निघणार नाही, आमच्या शेतात तुंबेल; पण बांधही फोडला तर दोन-तीन ओहोट्यांत निघून जाईल. पण बांध आमच्या गावाचा आहे, आणि गाव तो उगाच फोडणार नाही.

इथे मला थोडं समजावून सांगितलं पाहिजे. खाडीकाठच्या शेतीला गोड्या पाण्याचं भय नसतं. ते येतं आणि जातं. भय खाऱ्या पाण्याचं. एकदा खारं शेतात उभं राहिलं की चालू पीक तर गेलंच, पुढची काही वर्षंही जमीन धड पिकत नाही. म्हणून बांध फोडायचा तर अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, जेव्हा भरती कमी असते आणि खाडीचं पाणी बांधाशी पोचत नाही. आणि अमावास्येच्या उधाणाआधी तो पुन्हा बांधून काढायचा. यात चूक झाली तर वर्षं जातात.

आणि त्याची एक रीत आहे. ज्याच्या कामासाठी बांध फोडायचा, त्यानेच पहिलं ढेकूळ हाताने उचलायचं आणि आपल्याकडे ठेवायचं. बांध पुन्हा भरताना सगळं गाव राबतं, घरटी एक माणूस येतो, पण सुरुवात त्याने करायची आणि सगळ्यात शेवटी तेच ढेकूळ त्यानेच बसवायचं. मधल्या काळात त्याने दुसऱ्या कामाला हात घालायचा नाही. कोणी शपथ घेत नाही, कोणी साक्षी ठेवत नाही. ढेकूळ उचललं म्हणजे झालं.

मी मारुतीच्या देवळाच्या ओट्यावर जाऊन गावापुढे हे मांडलं. आमचे मोठे काका बांधाच्या कामाचे पुढारी होते, ते विडी ओढत ऐकत होते. बांध परत भरायला क्लब माती उचलायचं पोकलेन देणार, माणसं देणार, आपल्या हातांनी जे व्हायला चार दिवस लागतात ते एका दिवसात होईल, असं साहेबांनी सांगितलं होतं ते मी सांगितलं. काही जण कुरकुरले. कोणाच्या काठी-गोटीसाठी आम्ही बांध का फोडायचा, असं एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, अरे, आपल्या गावचे निम्मे लोक तिथेच कामाला आहेत, क्लब बुडाला तर ते काय मरळ विकणार? हशा झाला. वडिलांनी एकच विचारलं,

"तुझा साहेब ढेकूल उचलंल का?"

मी क्लबात परत गेलो आणि साहेबांना सगळी रीत सांगितली. काही गाळलं नाही. जो उचलतो त्यानेच बसवायचं असतं, हे दोनदा सांगितलं. ते मान डोलावत ऐकत होते. म्हणाले, "उचलतो की. अहो, मी पण शेतकऱ्याचाच नातू आहे."

दुसऱ्या दिवशी ओहोटी लागल्यावर साहेब गमबूट घालून बांधावर आले. मागे एक जण छत्री धरून, एक जण कॅमेरा घेऊन. काकांनी बांधाच्या माथ्यावर कुदळ मारून माती सैल केली आणि बाजूला झाले. साहेबांनी वाकून दोन्ही हातांनी ढेकूळ उचललं. काळी, चिकट, खाडीची माती, तिच्यात गवताच्या मुळ्या. फोटो निघाला. साहेबांनी ते वर्तमानपत्रात गुंडाळून गाडीत ठेवायला सांगितलं, तेव्हा काकांनी माझ्याकडे बघून मान हलवली. म्हणजे ठीक आहे, माणूस जपतोय.

मग क्लबच्या माणसांनी पाइप मोकळे केले आणि गावाने बांध फोडला. पाणी पहिल्यांदा बोटभर धारेने गेलं, मग हातभर, मग त्याला आवाज आला. संध्याकाळपर्यंत दुसऱ्या होलची निशाणाची काठी बुडापर्यंत दिसू लागली.

पुढचे काही दिवस मी आयुष्यात इतकं मन लावून काम केलं नसेल. क्लब चिखलातून वर येत होता. बिलियर्डचं टेबल फुगून वाकडं झालं होतं. गालिचे भिंतीवर टाकून आमच्या गावच्या बायका पाण्याने धूत होत्या. लॉकरमधले मेंबरांचे बूट उन्हात ओळीने मांडले होते, आणि त्यातल्या एकात चिंबोरी सापडली म्हणून दिवसभर चेष्टा चालली होती. वाळूच्या बंकरमधून गाळ उपसला, हिरवळीवरचा गाळ टँकरच्या गोड्या पाण्याने हलक्या हाताने धुतला. पिवळं पडलेलं गवत हळूहळू हिरवं झालं. साहेब माझ्या खांद्यावर हात ठेवून कमिटीच्या लोकांना म्हणाले, यांनी क्लब वाचवला, हे आता आपल्या घरचे. मला तेव्हा बरं वाटलं. वाटणारच.

पोकलेन आलं ते मोठ्या ट्रेलरवर बसून, गावातल्या रस्त्याने. सगळ्यांनी बघितलं. काका बांधावर जाऊन उभेही राहिले. पण ते क्लबच्या फाटकातून आत वळलं आणि तिसऱ्या होलपाशी जमीन सपाट करू लागलं. मी साहेबांना विचारलं तर म्हणाले, आधी हे एवढं होऊ दे, मग तुमचंच. दुसऱ्या दिवशी ते आठव्या होलवर होतं. मी पुन्हा विचारलं. ते म्हणाले, अहो, उद्या. त्या 'अहो'मध्ये काही कमी झालं नव्हतं, तितकाच गोडवा होता. म्हणून मी उद्यावर विश्वास ठेवला.

गाव थांबलं होतं. हे बाहेरच्या माणसाला वेडेपणाचं वाटेल, पण आमच्याकडे असंच आहे. बांध उघडा, चंद्र रोज बारीक होतोय, भरती रोज थोडी वर चढतेय, आणि माणसं हातात फावडी असून बांधाला हात लावत नाहीत. मी वडिलांना म्हणालो, आपणच सुरू करू, पोकलेन आलं की आलं. वडील भाताच्या आव्यांकडे, लावलेल्या रोपांच्या झुबक्यांकडे, बघत होते. म्हणाले, "त्याचं ढेकूल त्याच्याकडं हाय. आपन हात लावला तर त्याला खोटा म्हटल्यासारखं व्हईल."

मी शिकलेला होतो. मला त्यांना सांगता आलं असतं की साहेब खोटाही असू शकतो. पण मला तसं वाटतच नव्हतं. मला तर वाटत होतं, जो माणूस मला 'आपल्यात' म्हणतो तो माझ्या बापाला खोटं पाडणार नाही.

अमावास्येच्या आदल्या दिवशी मी साहेबांच्या केबिनबाहेर बराच वेळ बसलो. ते फोनवर होते, पाहुण्यांच्या गाड्यांची सोय चालली होती. बाहेर आले तेव्हा मी उभा राहिलो. म्हणाले की पोकलेन दुपारी दुसरीकडे गेलं, भाडं संपलं होतं, पण माणसं पाठवतो. माणसं आली नाहीत. ती फाटकाला रंग देत होती.

मी गावात जाऊन काकांना सांगितलं. काकांनी विडी विझवली आणि उठले. मग जे व्हायचं ते झालं. घरटी माणूस आला, काही घरांतून बायकाही आल्या. बांबूचे खुंट ठोकले, पेंढ्याचे भारे टाकले, वर चिखल थापला. पण पाण्याने बांधातली खांड, म्हणजे फोडलेली वाट, आधीच रुंद करून ठेवली होती. भांगाच्या दिवसांत दोन माणसं आडवी झोपतील एवढी असलेली ती आता बैलगाडी जाईल एवढी झाली होती. टाकलेला चिखल खालून धुऊन जात होता.

दिव्यांची अवस होती. आईने सकाळीच दिवे घासून पाटावर मांडून ठेवले होते. दुपारची भरती आली. घाईने आली नाही, उधाणाचं पाणी कधी घाईने येत नाही. खांडीतून आधी फेस आला, मग पेंढ्याचा एक भारा सुटून शेतात तरंगत गेला, आणि मग पाणी आलं, राखेच्या रंगाचं. वडील खांडीत छातीपर्यंत पाण्यात खुंट धरून उभे होते. काकांनी त्यांना दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा दोघातिघांनी त्यांना ओढून वर काढलं. आम्ही सगळे बांधावर बसून राहिलो आणि पाणी एकेका खाचरात शिरताना बघत राहिलो. भात तसंच हिरवंगार उभं होतं. ते लगेच मरत नाही. त्याला कळायला दोन-तीन दिवस लागतात.

एक जण मला म्हणाला, बीकॉम, तुझ्या साहेबाला सांग, आता आमच्याकडं पन तलं झालं, खेलायला या. कोणी हसलं नाही.

स्पर्धा रविवारी झाली. तुम्ही म्हणाल, मग तू गेलास कशाला? गेलो. मला साहेबांना समोरासमोर विचारायचं होतं. क्लब इतका सुंदर कधी दिसला नव्हता. पुराची खूण म्हणून भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर एक पुसट रेघ राहिली होती, तीसुद्धा कुंड्या ठेवून झाकली होती. दिवाणखान्यात करंडकांचं काचेचं कपाट पुसून लख्ख केलेलं. आणि त्यात, दोन करंडकांच्या मधे, मखमलीच्या तुकड्यावर ते ढेकूळ ठेवलेलं होतं.

मी आधी ओळखलंच नाही. ते चकाकत होतं. त्याला व्हार्निश लावलं होतं. कपाट पुसणाऱ्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, माती झडून मखमल खराब व्हायची, म्हणून साहेबांनी सुताराकडून दोन हात मारून घेतले.

साहेब पाहुण्यांना कपाट दाखवतच होते. हे इथल्या लोकांचं प्रेम, असं काहीतरी ढेकळाकडे बोट दाखवून सांगत होते. मला बघून त्यांनी हसून हात केला. मी त्यांना बाजूला बोलावलं आणि विचारलं की बांध का नाही भरला. आवाज चढवला नाही.

ते खरोखर गोंधळले. मला आजही वाटतं की ते नाटक नव्हतं, आणि म्हणूनच मला ते जास्त लागलं. म्हणाले, "अहो, तो विधी होता ना? नारळ फोडतो तसा. तुम्ही तरी शिकलेले आहात, तुम्ही काय ते इतकं मनावर घेता?"

मी म्हणालो, "मी तुम्हाला दोनदा सांगितलं होतं."

"सांगितलं होतंत," ते म्हणाले. "मला वाटलं, गावाचं मन राखायला सांगताय."

म्हणजे माझं बोलणं त्यांनी ऐकलं होतं, फक्त मी ते मनापासून बोलतोय हे त्यांना खरं वाटलं नव्हतं. त्यांच्या हिशेबाने, मी डिग्री घेतली तेव्हाच गावाकडून त्यांच्या बाजूला आलो होतो. आणि त्या बाजूला आलेला माणूस ढेकळावर विश्वास ठेवील असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. इतके दिवस मला वाटत होतं की त्यांनी मला आपल्यात घेतलं. घेतलं होतं ते बापाला दाराबाहेर ठेवून.

मी कपाट उघडून ढेकूळ काढलं. पाहुणे बघत होते. साहेब जराही रागावले नाहीत. म्हणाले, "घ्या, घ्या. आपण दुसरं आणू."

फाटकातून बाहेर पडताना रखवालदाराने मला नेहमीप्रमाणे सलाम केला. तो माझा शेवटचा.

त्यानंतरच्या भांगात गावाने बांध भरला. हाताने, चार दिवस. आमच्या घरातून वडील उभे होते, म्हणजे घराचा माणूस झालेला होता. तरी मी रोज गेलो आणि चिखलाची घमेली वाहिली. मला कोणी ये म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. शेवटच्या दिवशी माथ्यावर ओंजळभर जागा राहिली, तेव्हा सगळे थांबले. रीतच तशी. मी पिशवीतून ढेकूळ काढून काकांपुढे धरलं.

काकांनी ते उन्हात फिरवून बघितलं. आपल्या जागेवर ठेवलं आणि टाचेने दाबलं. ते दबेना. खालचा ओला चिखल आजूबाजूने वर आला, पण ढेकळाला चिकटेना. त्यांनी पुन्हा दाबलं, तर ते घसरून बाजूला पडलं. कोणीतरी म्हणालं, साहेबाने पॉलिश मारून दिलंय. कोणीतरी हसलं. वडिलांनी वाकून ते उचललं, माझ्या हातात दिलं, आणि म्हणाले,

"हे आता मातीत मिलायचं नाय. ने घरी."

ती जागा त्यांनी आमच्याच शेताच्या कडेच्या मातीने भरली आणि पायाने सारखी केली. खारवलेली माती होती, पण बसली.

नंतर मी वसईत एका शाळेच्या ऑफिसात लागलो. तिथे मला सगळे 'अरे' म्हणत, आणि मला ते बरं वाटे. आमच्या शेतात पुढची दोन वर्षं नुसता मिठाचा पांढरा थर यायचा. वडिलांनी साहेबाविषयी कधी वाईट शब्द काढला नाही. गोल्फविषयी मात्र एकदा विचारलं, भोकात गेलेला चेंडू ते परत बाहेर काढतात का? मी म्हटलं, काढतात. ते म्हणाले, मग घालतात कशाला?

ढेकूळ घरात पडून होतं. मी फेकणार होतो, आईने फेकू दिलं नाही. तिने ते परसात कोंबड्यांच्या खुराड्याच्या दाराला टेकू म्हणून लावलं. आधी तिथे ती चिखलाचा गोळा लावायची, तो दर पावसाळ्यात विरघळायचा आणि मुंगूस आत शिरायचं.

"पान्यात इरघलत नाय," ती म्हणाली. "कामाचं हाय."